जुनं शिसवी-सागवानी फर्निचर ठेवूनही घर हलकं आणि मोकळं कसं दिसेल

रिडेव्हलपमेंटची बोलणी सुरू झाली की मुंबईतल्या मराठी घरात आधी कार्पेट एरियावर चर्चा होते आणि लगेच दुसरा विषय निघतो तो म्हणजे आजोबांच्या पलंगाचं काय करायचं. गिरगाव असो, दादर असो, पार्ला असो, सगळीकडे हेच. मुलं म्हणतात घर ब्राइट पाहिजे, हा काळाकुट्ट पलंग त्यात कुठे शोभणार, आई म्हणते मी तो कुणाला देणार नाही, आणि मग एकतर पलंग भंगारच्या भावात जातो किंवा नव्या घरात येतो पण अंग चोरून कोपऱ्यात उभा राहतो आणि दोन्ही बाजू नाराज. हे असं व्हायची खरंच काही गरज नाहीये.

माझं ठाम मत आहे की घर जड दिसतं ते जुन्या फर्निचरमुळे नाही, त्याच्याभोवती आपण जे नवीन ठासून भरतो त्यामुळे दिसतं. फॉल्स सीलिंग, भिंतभर टीव्ही युनिट, जमिनीला टेकलेला एल शेपचा सोफा, वॉलपेपर, दोन पदरी झालरवाले पडदे, एवढं सगळं करायचं आणि मग दोष पलंगाला द्यायचा. तर कामाचा क्रम उलटा करा. आधी जुन्या वस्तू कुठे बसणार ते ठरवा आणि मग बाकी घरातलं नवीन काम जितकं कमी करता येईल तितकं कमी करा. इंटिरियर डिझायनर असेल तर त्यालाही पहिल्याच मीटिंगला जुन्या वस्तूंचे फोटो आणि मापं द्या, थ्रीडी बनून आल्यावर दिली तर त्या वस्तू त्यात कोंबल्या जातात, बसवल्या जात नाहीत.

आता काय ठेवायचं. जीव सगळ्यातच अडकलेला असतो हे मान्य पण सहा-साडेसहाशे स्क्वेअर फुटात सगळं नाही मावणार. मी एकच कसोटी लावते, ही वस्तू नव्या घरात रोज वापरली जाणार का? पलंगावर कुणीतरी झोपणार, आरामखुर्चीत कुणीतरी बसणार, टेबलावर मुलं अभ्यास करणार, तर ती वस्तू घरात पाहिजे. नुसती बघायला ठेवलेली मोठी वस्तू मुंबईच्या घरात धूळ खाते आणि वर्षभरात तिच्यावर कपडे वाळत पडतात. तीन-चार मोठ्या वस्तू निवडा, बाकीच्या भावंडांत, चुलत भावंडांत वाटून टाका, घराण्यातच राहतील.

निवडताना लाकूड नीट बघून घ्या कारण जुनं म्हणजे सगळं चांगलंच असतं असं नाही. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. कोपऱ्यात दोन फळ्या हाताची बोटं एकमेकांत गुंतवल्यासारख्या खाचा करून जोडलेल्या असतील तर काम कसबी सुताराचं आहे, नुसते खिळे मारलेले असतील तर साधं आहे. मग पायांच्या खाली आणि मागच्या बाजूला टॉर्च मारा. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली बारीक पीठ पडत असेल तर लाकडाला कीड लागलेली आहे आणि ती चालू आहे. नुसती भोकं आहेत, पीठ नाही, तर बहुतेक जुनी गोष्ट आहे, तरी खाली काळा कागद अंथरून आठ-दहा दिवस ठेवा, पीठ पडलं तर लगेच कळतं. सागवानाचा आतला गाभा सहसा कीड धरत नाही, बाहेरचा पांढरट भाग धरतो, त्यामुळे बऱ्याचदा एखादी पट्टी बदलून काम भागतं, अख्खी वस्तू टाकायची गरज नसते. किडलेली वस्तू मात्र ट्रीटमेंट केल्याशिवाय नव्या घरात आणू नका.

साधारण तीन प्रकारचं जुनं फर्निचर आपल्याकडे सापडतं आणि प्रत्येकाला वेगळी वागणूक लागते.

पहिलं म्हणजे कोरीव शिसवी. एकोणिसाव्या शतकात मुंबईत काळ्या शिसवीवर भरगच्च नक्षी काढलेलं फर्निचर बनायचं आणि ते बाहेरच्या देशांतही जायचं. त्या वळणाचा पलंग, कोच किंवा गोल टेबल घरात असेल तर एका खोलीत एकच ठेवा. कोरीव कामाला आजूबाजूला रिकामी भिंत लागते, तरच ते डोळ्यांना दिसतं. त्याच्या वर फोटोफ्रेम नको, शेजारी नक्षीची फुलदाणी नको, खाली वेलबुट्टीचा गालिचा तर नकोच.

दुसरं म्हणजे १९३०-४० च्या दशकातलं. तेव्हा मरीन ड्राइव्ह, दादर, माटुंगा, शिवाजी पार्क या भागांत आर्ट डेको शैलीच्या बिल्डिंगी उभ्या राहत होत्या, त्यातल्या ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या तर २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, आणि घरातलं फर्निचरही त्याच वळणाचं आलं. गोल कोपरे, पायऱ्या पायऱ्यांची कड, मोठा गोल आरसा असलेलं ड्रेसिंग टेबल, वर विनिअर म्हणजे चांगल्या लाकडाचा चिकटवलेला पातळ पापुद्रा. हलक्या, मोकळ्या घरात सगळ्यात सहज बसतं ते हेच कारण त्यात नक्षी नाही, नुसती रेष आहे. फक्त विनिअर अगदी पातळ असतं, मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी, त्यामुळे पॉलिशवाल्याला मशीनने घासू देऊ नका, एकदा आरपार गेलं की परत येत नाही. कुठे फुगलं किंवा उचललं असेल तर आत गोंद भरून वरून वजन ठेवून बसवता येतं.

तिसरं आपलं साधं, मध्यमवर्गी सागवान. सरळ पायांचा पलंग, अभ्यासाचं टेबल, लांब हातांची आरामखुर्ची, पाट, चौरंग, स्वयंपाकघरातलं जाळीचं कपाट. याला कुणी अँटिक म्हणत नाही आणि म्हणून हेच सगळ्यात जास्त फेकलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. आज तसं घट्ट, वयस्कर सागवान घेऊन नवीन टेबल करायला सांगा आणि सुताराचा आकडा ऐका, मग कळेल घरात काय पडलेलं आहे.

मापांचं काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. वस्तूची लांबी-रुंदी-उंची तर घ्याच पण सोबत नव्या बिल्डिंगच्या लिफ्टचा दरवाजा, लिफ्टची आतली उंची, जिन्याचं वळण आणि घरातल्या प्रत्येक दाराची मोकळी रुंदी पण घ्या. जुन्या चाळींत छत अकरा-बारा फुटांवर असायचं, नव्या फ्लॅटमध्ये साधारण साडेनऊ असतं आणि त्यात फॉल्स सीलिंग केलं की अजून सहा इंच गेले, म्हणजे वरच्या कोरीव पट्टीसकट साडेसात फुटांचं कपाट मावतं खरं पण डोक्यावर आल्यासारखं दिसतं. बहुतेक जुन्या कपाटांची वरची पट्टी नुसती बसवलेली असते, उचलून काढता येते, ती काढून जपून ठेवा आणि कपाट तसंच वापरा, दिसायला एकदम हलकं होतं. पलंगही सुटे होतात, डोक्याकडची आणि पायाकडची बाजू वेगळी, पाट्या वेगळ्या. सोडवताना प्रत्येक तुकड्याला मास्किंग टेप लावून नंबर टाका कारण हाताने केलेल्या कामात डावी पाटी उजवीकडे बसेलच असं नाही.

मग पेपर काढा. जुने पेपर चिकटवून प्रत्येक मोठ्या वस्तूच्या मापाचा तुकडा कापा आणि रिकाम्या फ्लॅटमध्ये जमिनीवर पसरा, आणि घरातल्या सगळ्यांनी तिथून चालून बघा, आजीला काठी घेऊन चालायला सांगा. येण्याजाण्याच्या वाटेला तीन फूट मोकळे राहिले पाहिजेत, अगदीच नाही तर अडीच. पलंगाच्या बाजूला दोन फूट, नाहीतर चादर घालताना रोज वैताग. कपाटाचं दार उघडून समोर माणूस उभा राहतो का ते पण याच वेळी बघा. पडदे, रंग, टाइल्स काहीही ठरवायच्या आधी हे झालं पाहिजे.

आता रंग, आणि इथे जरा थांबायला हवं कारण सगळा खेळ इथेच आहे. लोकांना वाटतं लाइट घर म्हणजे पांढऱ्या भिंती. पण एकदम बर्फासारखा निळसर पांढरा लावलात तर काळी शिसवी त्याच्यासमोर कापून चिकटवल्यासारखी दिसते, जास्तच काळी आणि जास्तच मोठी. भिंतीत किंचित पिवळा किंवा किंचित राखाडी उतरलेला पांढरा घ्या, ताकासारखा, म्हणजे लाकूड आणि भिंत यांच्यातलं भांडण मिटतं. शिसवीला आतून तांबूस-जांभळट झाक असते, तिला पिवळसर ऑफव्हाइट किंवा अगदी फिकट हिरवा चालतो. सागवान मधाच्या रंगाचं असतं, त्याच्यामागे पिवळट क्रीम लावलं की सगळंच पिवळं पिवळं होतं, त्याला फिकट राखाडी-हिरवा किंवा थंड ऑफव्हाइट बरा. गडद लाकूड आणि फिकट हिरवा ही जोडी कशी दिसते ते बघायचं तर भायखळ्याला राणीबागेला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आठवा. १८७२ साली लोकांसाठी उघडलेली वास्तू, मोठ्या दुरुस्तीनंतर २००८ मध्ये पुन्हा सुरू झाली, आत फिकट हिरवा, पांढरा आणि सोनेरी रंग आणि त्यात गडद लाकडाची काचेची कपाटं. एवढं लाकूड असूनही ती जागा कुठेही अंधारी वाटत नाही. घरात सोनेरी नका लावू पण रंगांचं ते नातं लक्षात ठेवण्यासारखं आहे.

शेडकार्ड बघून कधीच रंग ठरवू नका. दोन बाय दोन फुटाचा पट्टा भिंतीवर लावा, आणि तोही जिथे ती वस्तू उभी राहणार तिथेच, आणि सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून बघा. मुंबईच्या फ्लॅटमध्ये उजेड कुठून येतो यावर सगळं अवलंबून असतं. समोर वीस फुटांवर दुसरी बिल्डिंग असेल तर त्या बिल्डिंगचा रंग तुमच्या भिंतीवर उतरतो. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर खिडकीसमोर झाड असेल तर आत येणारा उजेडच हिरवट असतो, मग भिंत अजून हिरवी केली तर माणसं आजारी दिसतात, तिथे उबदार शेड घ्या. पश्चिमेची खिडकी असेल तर दुपारचं ऊन थेट लाकडावर पडू देऊ नका, वर्षा-दोन वर्षांत पॉलिश एका बाजूने उडतं आणि लाकूड सुकून चिरा पडतात.

छत साधं ठेवा. पांढरं, सपाट, पीओपीचं नक्षीकाम नाही. जुन्या फर्निचरला उंची लागते आणि मुंबईत ती आधीच कमी आहे, ती फॉल्स सीलिंगमध्ये घालवणं म्हणजे शुद्ध नुकसान. एसीचा पाइप लपवायचाच असेल तर एका कडेने छोटा बॉक्स करा, अख्खं छत खाली आणू नका.

दिव्यांबद्दल कुणी बोलतच नाही! आपल्याकडे सवयीने ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब किंवा एलईडी लावतात आणि त्या उजेडात शिसवी मेलेली, काळी ठिक्कर दिसते, तिची तांबूस झाक दिसतच नाही. २७०० ते ३००० केल्विनचे वॉर्म दिवे घ्या, बॉक्सवर लिहिलेलं असतं, आणि सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वरचा मिळाला तर नक्की घ्या, त्यात लाकडाचे रेषे खरे दिसतात. मधोमध एकच झगझगीत दिवा लावण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी कमी उंचीवर लावा, खुर्चीशेजारी एक, टेबलावर एक, भिंतीवर उजेड टाकणारा एक. आजी-आजोबांना वाचायला लागणारा जोरदार दिवा वेगळा द्या, तो पण वॉर्मच.

जमिनीला आरशासारख्या चकचकीत पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स बिल्डर देतोच, पण त्यात पायांची, दिव्यांची, खिडकीची सगळ्यांची प्रतिबिंबं पडतात आणि बघणाऱ्याला गर्दी वाटते. बदलायची संधी असेल तर मॅट फिनिशमध्ये फिकट बेज किंवा बारीक दाण्याची मोझॅक घ्या, सगळ्या घरात एकच, खोलीगणिक वेगळी नको. बिल्डरचीच ठेवावी लागली तर मोठी साधी सतरंजी किंवा चटई घाला, काम होतं. जुन्या घरात नक्षीच्या सिमेंट टाइल्स असतील आणि पाडायच्या आधी थोड्या अलगद निघत असतील तर काढून घ्या, बाल्कनीत किंवा देवघराखाली बसवता येतात.

हॉलमध्ये नवीन सोफा घ्यावाच लागणार, तर तो कसा असावा? पायांवर उभा, खाली सहा इंच जमीन दिसेल असा, हात बारीक, कापड एकरंगी कॉटन किंवा लिनन. जितकी जमीन दिसते तितकी खोली मोठी वाटते, आणि जुन्या फर्निचरला बहुतेक पाय असतातच, त्यामुळे नव्याला पण पाय असले की दोघं एका घरातले वाटतात. मॅचिंगच्या मागे लागू नका. एमडीएफवर, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळीवर, सीएनसी मशीनने नक्षी कापून त्याला शिसवी रंग मारलेलं काहीही खऱ्या शिसवीशेजारी ठेवलं की खऱ्याचाही अपमान होतो. नवीन गोष्ट साधी आणि आजची दिसू दे, त्यात काही कमीपणा नाही. वेत विणलेल्या खुर्च्या घरात असतील तर त्या हॉलमध्ये पुढे आणा, कारण वेतातून उजेड आरपार जातो आणि चार खुर्च्या असूनही जागा भरल्यासारखी वाटत नाही. इराण्याच्या हॉटेलात असतात त्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या पण तशाच, मूळ डिझाइन व्हिएन्नाच्या थोनेट या फर्निचर बनवणाऱ्याचं, १८५९ सालचं, आणि आजही त्याच्याइतकी कमी लाकडात उभी राहणारी खुर्ची क्वचितच सापडेल. वेत फाटला म्हणून खुर्चीवर फोम आणि रेक्झिन ठोकू नका प्लीज, वेत विणून देणारे कारागीर अजून मुंबईत आहेत, जुन्या सोसायट्यांच्या वॉचमनला नाहीतर फर्निचर रिपेअरवाल्याला विचारलं की पत्ता लागतो.

टीव्ही सरळ भिंतीवर लावा, वायर भिंतीतून घ्या, खाली जुना लांब बाक किंवा पेटी ठेवा, बस. भिंतभर युनिट केलंत तर हॉलमधली सगळ्यात मोठी वस्तू तीच होते आणि आरामखुर्ची पाहुण्यासारखी दिसते.

झोपाळ्याचं मात्र जपून. जुन्या घरात लाकडी तुळयांना कड्या असायच्या, नव्या घरात तो आरसीसी स्लॅबला किंवा बीमला लटकतो आणि हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून, सोसायटीची परवानगी काढूनच करा, फॉल्स सीलिंगच्या फ्रेमला तर कधीच नाही. पुढेमागे किमान तीन-तीन फूट मोकळे हवेत. एवढी जागा नसेल तर त्याच फळीचा बाक करा, पितळी कड्या भिंतीवर लटकवा किंवा पुढच्या घरासाठी ठेवून द्या.

बेडरूममध्ये पलंगाचं माप आजच्या गादीशी जुळत नाही ही सगळ्यांची तक्रार असते. रेडीमेड गादीसाठी पलंग कापू नका! गादी मापाने करून मिळते, कापसाची हवी तर गादीवाला करतो, फोमची हवी तर मोठी दुकानं पण कटसाइज देतात. उंची मात्र तपासा, जुने पलंग उंच असतात आणि त्यावर आठ-दहा इंचाची गादी टाकली की म्हाताऱ्या माणसांचे पाय जमिनीला लागत नाहीत, चार-पाच इंचाची पुरते. मच्छरदाणीचे खांब असतील तर ठेवा आणि त्यावर पांढरी मलमल सोडा, किंवा नुसते खांब राहू द्या, तेही छान दिसतात. चादरी पांढऱ्या किंवा एकरंगी, रंग पाहिजे तर पायाशी एक सोलापुरी चादर घडी करून. गोदरेजचं जुनं लोखंडी कपाट असेल तर त्याला भिंतीच्याच रंगात स्प्रे पेंट करून घ्या, मुठी तशाच ठेवा, कपाट भिंतीत विरून जातं.

स्वयंपाकघरातलं जाळीचं कपाट, ज्याच्या पायाखाली मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्या ठेवायचे, ते मला फार आवडतं. त्यात आजही कांदे-बटाटे, फळं, लोणच्याच्या बरण्या मस्त राहतात कारण हवा खेळती असते. गंजलेली जाळी काढून नवीन स्टीलची बसवायची, लाकूड साफ करून घ्यायचं, आणि ओट्यावरचं वरचं एखादं बंद कपाट कमी करायचं.

आता खरी अडचण, सामान. जुनं फर्निचर दिसायला मोठं पण त्यात मावतं कमी, आणि मुंबईच्या घरात जास्तीच्या गाद्या, स्टीलचे डबे, गणपतीचं मखर, दिवाळीचे आकाशकंदील, सुटकेसेस हे सगळं कुठेतरी जायला पाहिजे. ते डोळ्यांसमोर आलं की कितीही चांगला रंग लावा, घर हलकं दिसणार नाही. म्हणून प्रत्येक खोलीत थोडं थोडं स्टोरेज करण्याऐवजी एका खोलीची एक अख्खी भिंत, जमिनीपासून छतापर्यंत, कपाटांना देऊन टाका. दारं सपाट, भिंतीच्याच रंगाची, मुठी न दिसणाऱ्या. सनमायका मॅट घ्या. कपाट आहे हेच लक्षात येत नाही आणि बाकी सगळ्या भिंती मोकळ्या होतात. पैसा लावायचा तर इथे लावा, बाकी ठिकाणी वाचवा.

पडद्यांबद्दल एवढंच की पातळ कॉटन किंवा लिनन, छतापासून जमिनीपर्यंत, एकरंगी. मंगलदास मार्केटमध्ये कापड बघा, हातात घेऊन खिडकीसमोर धरून बघा किती उजेड येतो. बेडरूमला मागे एक अस्तर लावा की झालं.

दुरुस्ती आणि पॉलिशला उतावीळ होऊ नका. जुन्या फर्निचरवर बहुतेक लाखेचं पॉलिश असतं, स्पिरीटमध्ये लाख विरघळवून कापडाच्या बोळ्याने चढवलेलं. खात्री करायची तर खालच्या न दिसणाऱ्या भागावर कापसाने थोडं स्पिरीट लावा, चिकट झालं तर लाख आहे. लाखेवर परत लाख चढते, सगळं खरवडायची गरज नसते, आणि लाकडाचं ते उबदार तेज त्यातूनच येतं. पॉलिशवाला आग्रह करेल की पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं प्लास्टिकसारखं पॉलिश, मारूया, चकाचक होईल, पाण्याने काही होणार नाही. डायनिंग टेबलच्या वरच्या भागाला मॅट पीयू मी समजू शकते कारण तिथे रोज गरम भांडी आणि पाणी, लाखेवर त्याचे पांढरे डाग पडतात. बाकी ठिकाणी लाखच. आणि गडद लाकूड हलकं करायच्या नादात त्याला पांढरा ऑइलपेंट मारू नका, ते परत काढणं महाकठीण आहे. आधीच कुणी रंग मारलेला असेल तर तो घरात कोरडा घासू नका, विशेषतः लहान मुलं असतील तर, कारण जुन्या रंगांत शिसं असायचं, भारतात घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. असं काम बाहेर वर्कशॉपमध्ये द्या.

आरामखुर्चीच्या हातांचं टोक बघा कधी जवळून. जिथे आजोबांचा तळवा टेकायचा तिथलं पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत, फिकट झालेलं असतं, कड थोडी गोल झालेली असते, कुठे पानाच्या चुन्याचा ठिपका. पॉलिशवाला हे सगळं एकसारखं करून देतो म्हणेल. त्याला तेवढा भाग सोडायला सांगा, वरून नुसतं मेण लावा. तो झिजलेला भाग गेला तर खुर्ची कुठल्याही दुकानातली होते.

पायांच्या तळाकडे पण लक्ष द्या. रोज लादी पुसताना ओला कपडा लागून लागून खालचे दोन-तीन इंच काळे पडतात आणि लाकूड तिथून सडायला लागतं. काळा भाग साफ करून, तळाला पॉलिशचे दोन हात देऊन, खाली पितळी टोपी किंवा जाड रबरी बूच लावा, म्हणजे पाय पाण्याला टेकणार नाही आणि टाइलवर ओरखडेही नाहीत. लादी पुसणाऱ्या ताईंना पण सांगून ठेवा की पायांभोवती कपडा घट्ट पिळून घ्या.

पावसाळ्यात लाकूड फुगतं, ड्रॉवर अडकतात, तेव्हा लगेच रंधा मारू नका, हिवाळ्यात तोच ड्रॉवर ढिला होईल. सरकायच्या पट्टीवर मेणबत्ती घासा. कपाटं भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ठेवा, खास करून बाहेरच्या भिंतीला, ओल मागून येते आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आत वेखंड आणि कडुनिंबाची वाळलेली पानं ठेवा.

पॉलिशचं काम जून ते सप्टेंबर अजिबात काढू नका, हवेतल्या दमटपणाने लाख पांढुरकी पडते. गणपती झाले की दिवाळीपर्यंत चांगले पॉलिशवाले मिळत नाहीत, सगळ्यांना दिवाळीच्या आधीच पाहिजे असतं. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम, हवा कोरडी, कारागीर मोकळा आणि भावही जरा ऐकून घेतो. पझेशन पावसाळ्यात मिळालं तर वस्तू तशाच आणा, वापरायला लागा, आणि पॉलिशवाल्याची डिसेंबरची तारीख आत्ताच धरून ठेवा.